निवडणुकीचा खर्च कोणाच्या भाकरीवर?

विधानसभेस उभे राहण्याचा हक्क कोणास, असे विचारले तर कायदा सांगतो, पंचवीस वर्षे पुरी झालेल्या कोणाही मतदारास. उत्तर ऐकावयास गोड आहे. परंतु आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनी ते एकदा आपल्या मापाने मोजून पाहावे.

वाशीम जिल्ह्यात रिसोड, वाशीम व कारंजा असे तीन मतदारसंघ आहेत. उमेदवाराची अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 5,000. एवढी रक्कम गावकरी वर्गणी करूनही उभी करतील. पण पुढे काय? 2022 साली आपल्यासारख्या मोठ्या राज्यांत उमेदवाराची खर्चमर्यादा 28 लाखांवरून 40 लाखांवर नेली गेली आणि 2024 ची निवडणूक त्याच मर्यादेत झाली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास 4,892 रुपये होता. त्या भावाने 40 लाख म्हणजे सुमारे 818 क्विंटल सोयाबीन! पाच एकर कोरडवाहूच्या धन्यास एकरी आठ क्विंटल पिकले असे धरले, तरी वीस वर्षांचे पीक झाले. तेही बी, खत, मजुरी वजा न करता. सुताराने किती वाकसे झिजवावे व शिंप्याने किती सदरे शिवावे, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय ही मर्यादा उमेदवारापुरती. पक्ष आपला म्हणून जो सर्वसाधारण प्रचार करतो, त्याच्या खर्चास कायद्याने मर्यादाच घातलेली नाही.

मग उभा कोण राहतो? ज्याच्या घरी पैसा आहे तो, किंवा ज्यास पैसेवाल्याने उभा केला तो. वाशीमची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. जागा राखीव झाली, पण पैसा राखीव झाला नाही. म्हणून तेथेही गरिबाच्या पोरास कोणा धनिकाच्या दारी जावेच लागते. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आमदारासही लागू आहे. सावकाराचे कर्ज निदान खतावर लिहिलेले असते. निवडणुकीचे कर्ज कोठेच लिहिलेले नसते, आणि ते फिटते मात्र आमच्या रस्त्यातून, आमच्या बंधाऱ्यातून.

म्हणून प्रचाराचा खर्च सरकारने द्यावा, असे आमचे मत आहे. ह्यावर कोणी म्हणेल, शाळेचे छप्पर गळते आणि तिजोरी उमेदवारांवर रिती करावी काय? आक्षेप रास्त आहे. पण मतदान केंद्र, यंत्र, शाई, बंदोबस्त हा सारा खर्च आजही सरकारच करते. आम्ही शिक्षक त्या कामावर जातो, आम्हांस ठाऊक आहे. फक्त प्रचाराचा खर्च खासगी हातात ठेवला आहे, आणि तोही शेवटी रयतेकडूनच वसूल होतो. उघड दिलेला एक रुपया चोरून गेलेल्या दहांहून स्वस्त पडतो.

ही कल्पना नवी नाही. 1990 साली गोस्वामी समितीने व 1998 साली इंद्रजित गुप्ता समितीने सांगितले की, सरकारी मदत द्यावी, पण रोख न देता वस्तुरूपाने द्यावी. हे आम्हांस मान्य आहे. मात्र गुप्ता समितीने ही मदत मान्यताप्राप्त पक्षांपुरतीच ठेवली, अपक्षास वगळले. येथेच आमचा विरोध आहे. आकाशवाणी व दूरदर्शनवरील फुकट वेळ मान्यताप्राप्त पक्षांस, मतदारयादीची फुकट प्रतही त्यांच्याच उमेदवारांस! त्याच वाटेने सरकारी पैसा गेला तर गढीस आणखी एक बुरूज चढेल. बाहेरची रयत बाहेरच राहील.

अमेरिकेतील मेन संस्थानात ह्यावर उपाय काढलेला आहे. 1996 साली तेथील लोकांनी मत देऊन कायदा केला व 2000 सालापासून तो चालू झाला. उमेदवाराने ठराविक संख्येच्या मतदारांकडून प्रत्येकी 5 डॉलर गोळा करून आपल्यामागे लोक आहेत हे दाखवावयाचे. मग प्रचारास सरकारी पैसा मिळतो, पण खासगी देणग्यांवर पाणी सोडावे लागते.

आपल्याकडेही तसेच व्हावे. ज्याने मतदारसंघातील हजार घरांतून दहा-दहा रुपये पावती देऊन आणले, तो पक्षाचा असो की अपक्ष, त्यास पत्रके, वाहनाचे तेल, सभेची जागा, कर्णा व रेडिओवरील वेळ सरकारने द्यावा. घेणाऱ्याने बाहेरचा पैसा शिवू नये. पक्षाच्या खर्चासही मर्यादा घालावी. नाहीतर धनिकाच्या थैलीत सरकारी थैलीची भर, एवढाच अर्थ उरेल. आणि हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, ते पैसा कोठून येतो हे जाणण्याचा मतदारास हक्क आहे म्हणूनच. तो हक्क गावच्या चावडीपर्यंत आला पाहिजे.

पूर्वी 1919 च्या कायद्याखालील कौन्सिलात मत देण्यासच मालमत्तेची अट होती. 1950 च्या राज्यघटनेने ती अट मोडली. मत देण्याची अट गेली, निवडून येण्याची मात्र राहिली. बंधूंनो, पुढच्या खेपेस दारी येणाऱ्या प्रत्येक पक्षास विचारा, ही अट तुम्ही मोडणार काय? आणि त्याच वेळी त्याच्या जेवणावळीस जाऊ नका. रयतेच्या दहा रुपयांवर जो निवडून येईल, त्यास टाळी रयतेचीच वाजवावी लागेल.