नारू, पिसू आणि पिसाळलेली भीती

मुंग्यांना वश करणारी बुरशी एक दिवस माणसात शिरेल, माणसे शुद्ध हरपून एकमेकांना चावत सुटतील आणि शहरे ओस पडतील, ही कल्पना आता मराठी वाचकालाही नवी राहिलेली नाही. ‘द लास्ट ऑफ अस’ ही अमेरिकन मालिका २०२३ साली आली, तिचे दुसरे पर्व २०२५ मध्ये येऊन गेले. त्याआधी दहा वर्षे तोच खेळ मुले प्लेस्टेशनवर खेळत होती. टाळेबंदीत रिकामे रस्ते पाहिलेल्या पिढीला असे काही अगदीच अशक्य वाटत नसेल, तर तिला दोष देता येणार नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले माकणी हे तेरणेवरच्या धरणाचे गाव. तिथे माझे जाणे-येणे असते. तिथल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनीही मला हाच प्रश्न विचारला. ‘‘काका, हे खरंच होऊ शकतं का?’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका सजीवाने दुसऱ्याचे वागणे आपल्या सोयीने बदलणे ही गोष्ट निसर्गात सर्रास घडते. आणि तिची उदाहरणे पाहायला ॲमेझॉनच्या जंगलात जाण्याची गरज नाही. या मुलांच्या आजोबा-पणजोबांनी असा एक परजीवी स्वतःच्या पायातून काडीला गुंडाळून बाहेर काढलेला आहे. त्याचे नाव नारू.

तिशीच्या आतल्या वाचकांना हा शब्द माहीत नसण्याचीच शक्यता अधिक. महाराष्ट्र हे नारूग्रस्त सात राज्यांपैकी एक होते. पायऱ्या उतरून जिथे पाणी भरायचे अशा विहिरी आणि बारवा हे त्याचे माहेर. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवात नारूचे अळीरूप असे. ते पाण्याबरोबर पोटात जाई आणि मग साधारण वर्षभर काहीच होत नसे. वर्षाने हातभराहून लांब, कधी कधी तर मीटरभर लांबीची मादी पायाच्या कातडीखाली येऊन बसे. तिथे फोड येई आणि त्या फोडाची आग अशी की माणूस आपसूक थंड पाण्यात पाय घाली. नारूला नेमके तेच हवे असे. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटून लाखो अळ्या विहिरीत उतरत आणि पुढच्या घागरीची वाट पाहत. माझ्या लहानपणी शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना ओसरीवर पाय पसरून बसलेले मी पाहिले आहे. रोज बोटभर, फार तर दोन बोटे किडा काडीला गुंडाळायचा. घाई केली आणि तो तुटला तर पाय सुजून महिनाभर अंथरूण. ऐन पेरणीत हे दुखणे येई. घर बसे, हंगाम बुडे.

या किड्याने मेंदूला हात लावला नाही. फक्त पायाला आग लावली, बाकीचे काम माणसाने स्वतःच्या बुद्धीने केले. परजीवी वर्तन कसे बदलतात हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. मुंगीच्या बुरशीचेही तसेच काहीसे आहे. ती मुंगीला झाडावर चढवते, पानाच्या शिरेला जबडा रोवायला लावते आणि मग तिच्या डोक्यातून अंकुर काढते, हे खरेच. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले ते असे की बुरशी मुंगीच्या स्नायूंना जाळ्यासारखी वेढते, मेंदूत मात्र शिरत नाही. ‘मेंदूचा ताबा’ हा शब्दप्रयोग आपला, बुरशीचा नव्हे.

नारूचे पुढे काय झाले? १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण नोंदले गेले. त्यावर ना लस होती ना औषध, आजही नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पोहऱ्याने पाणी काढण्याची सोय केली, हातपंप बसवले, पाणी कापडातून गाळायला शिकवले, विहिरीत औषध टाकले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. वागणूक बदलणाऱ्या परजीवीला माणसाने वागणूक बदलून हरवले. या विजयाचा गाजावाजा झाला नाही, कारण नारू गरिबांना होत असे.

दुसरे उदाहरण याच मुलखाच्या इतिहासातले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सास्तूरसह या पट्ट्यातली गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. माकणीच्या जलाशयाने भूकंप झाला का, यावर तेव्हा भूशास्त्रज्ञांत बराच खल झाला; तो विषय वेगळा. वर्ष उलटते न उलटते तो बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपाने उंदरांच्या वस्त्या विस्कटल्या आणि रानातला प्लेग गावात आला, असा तर्क त्या वेळी मांडला गेला. तो सर्वांना मान्य झाला नाही. पण प्लेगचा जंतू पिसूचे काय करतो याबद्दल शंका नाही. तो तिच्या अन्ननलिकेच्या शेवटी बोळा बसवतो. पिसू रक्त ओढते, ते पोटात उतरत नाही, भूक भागत नाही. उपाशी पिसू वेड्यासारखी चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यात बोळ्यातले जंतू समोरच्याच्या अंगात ओकते. कधी न शमणारी भूक आणि दिसेल त्याला चावणे! पडद्यावरच्या त्या जिवंत प्रेतांची सारी लक्षणे इथे आहेत. मात्र ती पिसूत आहेत, माणसात नाहीत. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत पिसूचा हा सहभाग दाखवला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात प्लेग निवारणाच्या नावाने चाललेल्या घरझडतीपायी रँडचा खून झाला होता. पिसूची कल्पना कुणालाच नव्हती, सोजिरांचा जाच मात्र घराघराला ठाऊक होता.

मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्माचे नाव अशा चर्चेत हमखास निघते. हा जीव उंदराच्या मेंदूत घर करतो आणि उंदराला मांजराच्या मुताच्या वासाची भीती वाटेनाशी होते. जगातल्या जवळपास एक तृतीयांश माणसांच्या अंगात तो असावा असा अंदाज आहे. म्हणजे साथ येऊनही गेली म्हणायची! न्यूझीलंडमधल्या आठशेहून अधिक माणसांच्या दीर्घ पाहणीत, २०१६ साली, या संसर्गाचा स्वभावावर वा बुद्धीवर परिणाम झाल्याचा फारसा पुरावा मिळाला नाही. गरोदर स्त्रीने मात्र त्याला जपावे, कारण गर्भाला धोका आहे. त्यापलीकडे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

आता राहिला तो एकच, जो माणसाच्या मेंदूपर्यंत खरोखर पोहोचतो आणि वागणे बदलतो. तो काटेकोर अर्थाने परजीवी नव्हे, विषाणू आहे. त्याच्यावरच या सगळ्या भयकथा उभ्या आहेत असे मला वाटते. तो रेबीजचा.

अवघ्या पाच जनुकांचा हा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत उतरतो, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि तिथून लाळग्रंथीत येतो. कुत्रे पिसाळते, भटकते, चावते. लाळ विषाणूने भरलेली असतानाच चावण्याची ऊर्मी यावी, हा मेळ पाहून अंगावर काटा येतो. माणसात पाण्याचा घोट घेताना, किंवा नुसते पाणी पाहताना, घशाचे स्नायू आवळून येतात. पंख्याच्या वाऱ्यानेही झटका येतो. एकदा ही लक्षणे दिसली की रुग्ण वाचल्याची उदाहरणे जगभरात बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मग साथ का येत नाही? कारण साधे आहे. चावल्यापासून लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. लक्षणे दिसल्यावर माणूस काही दिवसांत जातो. दाहक पडसाद उमटायला वेळ नाही आणि फिरायला ताकद नाही. शिवाय माणूस माणसाला चावून रेबीज पसरवत नाही. अवयवरोपणातून झालेली मोजकी प्रकरणे सोडली, तर माणसाकडून माणसाला रेबीज झाल्याची खात्रीशीर नोंद जवळजवळ नाही. वेगाने पसरणे आणि मेंदूवर खोल पकड बसवणे या दोन गोष्टी एका जंतूला एकाच वेळी साधणे फार कठीण. बुरशीचे तर विचारूच नका. आपल्या रक्ताची ३७ अंशांची ऊब बहुतेक बुरशींना सोसत नाही, आणि मुंगीची बुरशी तर मुंगीच्याही ठराविक जातीपुरतीच बेतलेली आहे. माकणीच्या मुलांना मी हेच उत्तर दिले : नाही, होणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. ‘पिसाळलेला माणूस भुंकतो, चावतो’ ही समजूत आपल्या खेड्यांत अजून आहे, आणि तिची किंमत कुणाला मोजावी लागते? मी ऐकलेली अशी एक हकिगत सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. शेतमजुरी करणारा तरुण. दोन महिन्यांपूर्वी पायाला कुत्र्याने ओरबाडलेले, जखम एवढीशी, म्हणून तिखट भरले आणि जाणत्याकडून अंगारा घेतला. पाणी पिता येईना तेव्हा घरच्यांनी ओळखले. त्याला गोठ्यात दाव्याने बांधले. बाहेरून कडी. दारापाशी भाकरी सरकवायची आणि मागे फिरायचे. झटका ओसरला की तो अगदी शहाण्यासारखा बोलत होता. बायकोला हाक मारत होता, लेकराला जवळ आणा म्हणत होता. ते कुणी आणले नाही. रेबीजच्या रुग्णाला झटक्यांच्या मधल्या काळात पुरती शुद्ध असते, हे वैद्यकीय पुस्तकांत स्पष्ट लिहिलेले आहे. त्याचा ताबा कुणी घेतलेला नसतो. त्याला तहान लागलेली असते. औषधाने झटके शमवता येतात, अंधाऱ्या शांत खोलीत, हातमोजे घालून जवळ बसता येते. भयपट पाहून शिकलेली भीती आणि आजीकडून आलेली भीती इथे एकच काम करतात : माणूस जिवंत असताना त्याला मेलेला ठरवतात.

वेगाने पसरून माणसांचे वागणे बदलणारे काही असेलच, तर ते दुसरेच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठार मारले. मोबाइलवरून फिरलेली अफवा तेवढी कारण होती. तिला रोगाचे नाव देऊन जमावाला दोषमुक्त करणे मला पटत नाही, म्हणून तिची बरोबरी विषाणूशी करत नाही. आकडे कसे फुगतात त्याचा एक हलका नमुनाही आमच्याच शेजारचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बीडच्या लवूळ गावी माकडांनी कुत्र्यांची अडीचशे पिल्ले सूड म्हणून मारली, ही बातमी साऱ्या जगात पोहोचली. वनखात्याने दोन माकडे पकडली. अडीचशे पिल्ले कुणी मोजली, हे कुणी विचारले नाही.

खरे आकडे पाहावेत. २०२२-२३ मधल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश होतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलण्याचा आदेश दिला आणि दहाबारा दिवसांत तो बदलला. त्यावर श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक असे दोन तट पडले. या भांडणात लसीकरण हा शब्द मागेच राहिला. गोव्याचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. तिथे राज्याने आणि मिशन रेबीज या संस्थेने दहा वर्षे गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली, मुलांना शाळेत शिकवले, संशयित कुत्र्यांची तपासणी केली. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालेले देशातले पहिले राज्य ठरले. गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते. कुत्रे मारून ती तुटत नाही. मोकळ्या जागेत दुसरी कुत्री येतात, लस न टोचलेली.

माकणीसारख्या गावात सत्तर टक्के म्हणजे किती कुत्री? मी ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांना विचारले. ते हसले. डुकरांचा, म्हशींचा हिशोब असतो, कुत्र्यांचा कोण ठेवतो? पण हा हिशोब दोन दिवसांत शाळेच्या मुलांकडून होऊ शकतो, आणि गावाच्या ठरावाला तो पुरेसा आहे.

चावा झाल्यावर काय करायचे ते तसे सोपे आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, तिखट, चुना, हळद काही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा सुयांचा काळ गेला. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडाच्या कातडीत टोचतात : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. ते छोट्या दवाखान्यात नसले तर मोठ्या रुग्णालयात जाण्याचा कंटाळा करून चालत नाही.

अडचण येते ती अठ्ठाविसाव्या दिवसाची. दिवाळी झाली की या भागातल्या कितीतरी कुटुंबांची बिऱ्हाडे ट्रक-ट्रॅक्टरवर चढून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता, भांडी, शेळी, पोरे सगळे बरोबर. त्यात एखाद्या पोराची सातव्या दिवसाची सुई झालेली असते आणि शेवटची राहिलेली. ती सुई फडाजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळते, फक्त लसीचा कागद दाखवावा लागतो. तो कागद बिऱ्हाडाबरोबर जावा, एवढे मुकादमाला सांगायला हवे.