यादीतली माणसे

प्रतिवर्षी १ जानेवारीस नवी दिल्ली आणि इस्लामाबाद या दोन राजधान्यांमध्ये दोन प्रकारच्या याद्यांची देवघेव होते. पहिली यादी अणुप्रकल्पांच्या ठिकाणांची. ज्या करारान्वये उभय राष्ट्रांनी अशा ठिकाणांवर हल्ला न करण्याचे अभिवचन ३१ डिसेंबर १९८८ रोजी परस्परांस दिले, त्या करारानुसार ती १९९२ पासून दिली-घेतली जाते, आणि कारगिलचे युद्ध, संसदेवरील हल्ला, मुंबईकरांच्या अंगावर आजही काटा आणणारी २६ नोव्हेंबरची रात्र, यांपैकी कशानेही त्या परिपाठात खंड पडलेला नाही. दुसरी यादी माणसांची. परस्परांच्या तुरुंगांत असलेले नागरी बंदिवान आणि मच्छीमार यांची ही गणती २००८ च्या करारान्वये १ जानेवारीस व १ जुलैस, अशी वर्षातून दोनदा कळविली जाते. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही देशांची सैन्ये एकमेकांवर अस्त्रे डागीत होती, आणि त्या गोष्टीस दोन महिनेही लोटले नव्हते तोच १ जुलैची यादी ठरल्या दिवशी पोहोचती झाली: पाकिस्तानच्या कैदेत ५३ नागरी बंदिवान व १९३ मच्छीमार, भारताच्या कैदेत ३८२ नागरी बंदिवान व ८१ मच्छीमार.

वैर कितीही विकोपाला गेले तरी काही कागद वैराच्या आवाक्याबाहेर ठेवावयाचे, ही जी समज या परिपाठामागे आहे, तिला मी दोन्ही देशांच्या राज्यकारभारातील फार मोठी मिळकत मानतो. परंतु अणुभट्टीच्या बाबतीत जी समज पूर्णत्वास गेली, ती माणसाच्या बाबतीत निम्म्या वाटेवरच थांबली आहे. माणूस मोजला जातो, पण सुटत नाही.

हे १९३ जण कोण? बहुतेक गुजरातच्या किनाऱ्यावरचे. परंतु पोरबंदर, ओखा, वेरावळ येथील ट्रॉलरांवर पालघर जिल्ह्यातले, विशेषतः डहाणू-तलासरीकडचे आदिवासीही दरवर्षी पावसाळा सरला की ठरावीक पगारावर खलाशी म्हणून जातात. बोट त्यांची नव्हे, जाळे त्यांचे नव्हे. नाव कोणत्या दिशेने हाकावी हे तांडेल ठरवितो, आणि किनाऱ्यालगतची मासळी विरळ होत गेल्यामुळे तांडेलाला ती उत्तरेकडेच हाकावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच पाण्यावर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार बोटीवरच मृत्युमुखी पडला. जे जिवंत पकडले जातात त्यांची रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात होते. न्यायालय सुनावते ती शिक्षा बहुधा काही महिन्यांचीच असते. परंतु ती भोगून झाल्यावरही राष्ट्रीयत्वाची शहानिशा आणि मुत्सद्द्यांचा मनोदय यांची वाट पाहण्यात वर्षांमागून वर्षे जातात.

आणि ज्या हद्दीच्या उल्लंघनाबद्दल हे सारे घडते, ती हद्द अद्यापि ठरलेलीच नाही. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या, सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या सर क्रीक नावाच्या दलदलीच्या खाडीचा हा तंटा मुळात कच्छचे राव आणि तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणारा सिंध यांच्यातला. त्यावर मुंबई सरकारने १९१४ साली ठराव करून तोड काढली आणि सोबत नकाशा जोडला. त्या नकाशातील हिरवी रेषा खाडीच्या पूर्व काठावरून जाते म्हणून सबंध खाडी आपली, असे पाकिस्तान म्हणते. नौकानयनाला योग्य अशा खाडीत सीमा मुख्य प्रवाहाच्या मध्यातून धरावी, असे भारत म्हणतो. आणि दोघेही दाखला देतात तो त्याच एका मुंबईच्या दप्तरातील कागदाचा. खाडीच्या मुखाशी ही रेषा कोठे येते यावर पुढे समुद्रातली हद्द अवलंबून आहे. २००७ साली दोन्ही देशांनी संयुक्त मोजणी केली. निर्णय मात्र केला नाही. वस्तुतः याच कच्छच्या रणाचा प्रश्न १९६५ च्या चकमकींनंतर लवादाकडे सोपविला गेला होता, आणि १९ फेब्रुवारी १९६८ चा निवाडा, त्याबद्दल येथे पुष्कळ क्षोभ उसळला असतानाही, उभय सरकारांनी पाळला. त्या निवाड्यातून वगळली गेली ती ही खाडी.

पहलगाममध्ये २६ निरपराध माणसांची हत्या झाल्यानंतर शेजाऱ्याशी सहकार्याची भाषा कोणत्या तोंडाने बोलावी, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात येईल, आणि तो प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही. १९६० चा सिंधू जलकरार भारताने स्थगित ठेवला, तो या संतापाचाच परिणाम होय. राष्ट्राने आपला रोष कोणत्या साधनाने व्यक्त करावा हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे. परंतु तलासरीचा खलाशी हे ते साधन नव्हे, आणि आपल्या कोठड्यांत बसलेला सिंधचा कोळीही नव्हे. उभय देशांनी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणे, किनाऱ्याच्या प्रादेशिक पाण्यापलीकडील आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल, संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर, कारावासाची शिक्षा देता येत नाही. एवढे एक कलम मनापासून पाळावयाचे ठरले, तरी बोट अडवावी, तांडेलास ताकीद द्यावी, फार तर दंड करावा आणि तिला माघारी धाडावे, याहून अधिक काही करण्याचे प्रयोजन उरत नाही.

ज्यांना अटक झालीच आहे त्यांच्यासाठी तर नवी तजवीजही करावयास नको. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती याच कामासाठी नेमलेली आहे. परस्परांच्या तुरुंगांत जाऊन बंदिवानांस प्रत्यक्ष भेटावे आणि त्यांच्या सुटकेची शिफारस करावी, हे तिचे काम. ती २०१३ नंतर कोणत्याही तुरुंगात गेलेली नाही. पुढची यादी सिद्ध होण्यापूर्वी या न्यायाधीशांना प्रवासाचे परवाने द्यावेत, आणि ज्याची शिक्षा संपली आहे अशा प्रत्येक खलाशाचे नाव त्यांनी स्वतः मलीरमध्ये बसून उतरवून घ्यावे.