बिऱ्हाड कुठे करावे?



मे महिना लागला की आमच्या ब्रँच ऑफिसात दोन तऱ्हेचे सभासद येतात. एकाच्या हातात बदलीची ऑर्डर असते, दुसऱ्याच्या हातात गावच्या शाळेतला मुलाचा निकाल. प्रश्न मात्र दोघांचा एकच असतो : "सेक्रेटरीसाहेब, मंडळींना आणायचं म्हणतो. खोली कुठं बघू?"

थकबाकी, रजा, चार्जशीट यांची उत्तरे आम्हांला तोंडपाठ आहेत. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सर्क्युलरमध्ये सापडत नाही. आणि या एका प्रश्नात चुकलेला माणूस वीस-वीस वर्षे त्या चुकीचे हप्ते फेडताना आम्ही पाहिला आहे. म्हणून हा अंक मागण्यांच्या यादीने न उघडता बिऱ्हाडाच्या प्रश्नाने उघडत आहोत. मागण्याही येतील, पण शेवटी.

आज रेल्वेत ट्रॅक मेंटेनर म्हणून लागणारा मुलगा जळगाव, बीड, नांदेड, साताऱ्याकडच्या खेड्यातला असतो आणि त्याला पोस्टिंग मिळते कल्याण, पनवेल नाही तर थेट मुंबई. पोस्टातही तेच. ग्रामीण डाक सेवक वर्षानुवर्षे आपल्या ब्रँच ऑफिसच्या गावातच राहतो, कारण तशी नोकरीची अटच असते. तो परीक्षा पास होऊन पोस्टमन झाला की एका ऑर्डरीने शहरात येतो. पहिले वर्ष चार जणांत एक खोली घेऊन, खानावळीचा डबा खाऊन निघते. मग मुलगी पहिलीत जायची होते, म्हातारीला डोळ्यांचे ऑपरेशन करायचे असते, आणि बिऱ्हाड हलवायचे ठरते. खोली शोधायला वेळ किती? एक वीकली रेस्ट, फार तर दोन. बैल घेताना चार बाजार फिरणारा माणूस घर दोन दिवसांत ठरवतो.

पहिला हिशोब पैशांचा. घरभाडे भत्ता आपण राहतो कुठे यावर मिळत नाही, कामाचे ठिकाण कोणते यावर मिळतो. सातव्या वेतन आयोगाच्या वर्गवारीत मुंबई आणि पुणे ही एक्स शहरे, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर वगैरे वाय, उरलेली झेड. १ जानेवारी २०२४ पासून हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे १८,००० मूळ पगाराच्या कामगाराला मुंबईत ५,४०० रुपये आणि मनमाडला १,८००. क्वार्टर घेतले की हा भत्ता बंद होतो आणि वर लायसन्स फी कापली जाते. ५,४०० रुपयांत ठाण्याला काय मिळते हे वाचकांना सांगायला नको. म्हणून कामगार लाईनने पुढे पुढे सरकत जातो. ठाणे परवडत नाही म्हणून कल्याण, कल्याण नाही म्हणून बदलापूर, तेही नाही तर कर्जत नाही तर कसारा. भत्ता मुंबईचा आणि भाडे आसनगावचे, चार पैसे हातात राहतात, असा तो हिशोब असतो.

हा हिशोब अपुरा आहे, आणि रेल्वेवाला त्यात पोस्टवाल्यापेक्षा जास्त फसतो. का, तर पास सवलतीत मिळतो. गाडी आपली, पास आपला, म्हणून अंतर फुकट वाटते. मुंबईहून कल्याण ५४ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००, कसारा १२१. कसाऱ्याहून लोकलला अडीच तासांच्या आसपास लागतात. घरातून स्टेशन आणि स्टेशनातून ड्युटीची जागा धरली तर एका वेळचे तीन तास, दिवसाचे सहा. पंचवीस दिवसांचे दीडशे तास. आठ तासांच्या ड्युटीने भागले तर महिन्याला जवळजवळ एकोणीस दिवसांचे काम आपण गाडीत उभ्याने करतो, आणि ते कोणत्याही मस्टरवर लागत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान लोकलच्या दारात लटकलेली माणसे रुळांवर पडली आणि मेली. त्यांत लोहमार्ग पोलिसांतला एक शिपाईही होता. लांबचे घर स्वस्त असते ते कशामुळे, याचा विचार त्या दिवशी पुष्कळ घरांत झाला असेल.

शिफ्ट ड्युटीवाल्यांनी तर आधी टाइम टेबल घ्यावे आणि मग घर बघावे. रात्री बाराला ड्युटी सुटली तर पुढची गाडी किती वाजता? पहाटे चारला हजर व्हायचे तर आदल्या रात्रीच निघावे लागेल काय? आर.एम.एस.मधल्या रात्रपाळीच्या सॉर्टिंगवाल्यांनी आणि रनिंग स्टाफने हे प्रश्न दलालाला विचारून उपयोग नाही. एक दिवस त्याच वेळेला प्रत्यक्ष जाऊन-येऊन पाहावे.

दुसरा घोटाळा विकत घेण्याचा. घर पाहावे बांधून म्हणतात ते खरे, पण आल्या आल्या नव्हे. आमचे मत स्पष्ट आहे : नवीन आलेल्याने पहिली दोन वर्षे भाड्याने किंवा क्वार्टरमध्ये काढावीत. आमच्या एका सभासदाने गावाकडची दोन एकर विकून, वर क्रेडिट सोसायटीचे कर्ज काढून, कल्याणच्या बाजूला वन रूम किचन घेतले. इमारत नवी, टाइल्स चकचकीत, कागदांची फाईल जाडजूड. दोन वर्षांनी भिंतीवर नोटीस लागली की बांधकाम अनधिकृत आहे. आज तो पगारातून हप्ता देतो, कोर्टाच्या तारखेला रजा टाकतो, आणि गावी जायला तोंड नाही म्हणून जत्रेलाही जात नाही.

अशा फायली वाचायला शिकले पाहिजे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. स्वस्त खोलीच्या आशेने काही कुटुंबे तिच्यात आधीच राहायला आली होती. त्यानंतर रेराचा कायदा आला, महाराष्ट्रात मे २०१७ पासून नोंदणी सुरू झाली, आणि लोक म्हणू लागले की रेराचा नंबर आहे ना, मग झाले. पण कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानगीच्या कागदांवर रेराचे नंबर मिळवून बांधलेल्या ६५ इमारती निघाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा नंबर पाहून थांबू नका. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हा कागद तुमच्याच ऑफिसचा आहे काय, असे विचारा. भोगवटा प्रमाणपत्र मागा. गावठाणालगतचा गुंठा-दीड गुंठा नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर घेणाऱ्यांनी सात-बारा स्वतः काढून वाचावा. त्यावर दहा-पंधरा नावे एकाखाली एक दिसली आणि विकणाऱ्याचे नाव दिसले नाही, तर चहा पिऊन परत यावे. भाड्याची खोली घेतानाही करार नोंदणीचाच करावा. हेवी डिपॉझिट देऊन बिनभाड्याने राहणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण घरमालक आणि पैसा दोन्ही एकदम गायब झाल्याच्या तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत.

जागा पावसाळ्यात पाहावी, हे आणखी एक. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी होड्यांनी काढावे लागले. रेल्वेचा भराव जिथे पाण्यात जातो तिथे शेजारच्या चाळीचा तळमजला कोरडा राहील, असे दलाल मे महिन्यात सांगतो. त्याला सांगायला काय जाते?

आता आमच्या मते सगळ्यांत मोठी चूक. खोली बघायला पुरुष एकटा जातो. मंडळी गावाहून येतात ती ट्रंका आणि पिठाच्या डब्यासकट, आणि तेव्हा पहिल्यांदा घर पाहतात. आम्हीही तेच केले होते. १९९७ साली आम्ही चाळीतली खोली ठरवून, रंग देऊन घरच्यांना आणले. त्यांनी उंबऱ्यात उभ्या राहूनच विचारले, "पाणी किती वाजता येतं?" आम्हांला ठाऊक नव्हते. पाणी रात्री अडीचला येत होते. आमची नाइट ड्युटी असली की दोन लहान मुलांना आत झोपवून त्या एकट्या नळावर उभ्या राहत. पाच वर्षे उभ्या राहिल्या. स्टेशनपासून सात मिनिटांवरची खोली म्हणून आम्ही मात्र चार लोकांत फुशारकी मारीत होतो.

पुरुष ड्युटीवर जातो. त्याचे शहर म्हणजे स्टेशन, साहेब आणि सहकारी. बाईचे शहर म्हणजे ती गल्ली. गावात तिला विहीर होती, शेत होते, जावा-नणंदा होत्या. इथे दहा बाय बाराची खोली आणि ओळख ना पाळख. पाणी, संडास, दळण, दवाखाना, रात्री रिक्षा मिळते की नाही, शेजारी कोण, ही चौकशी बाईच करू शकते आणि शेजारच्या बायकाच तिला खरे सांगतात. एक दिवसाची रजा टाका, पास काढा, त्यांना घेऊन या आणि चार जागा दाखवा. त्यांना पटेल ती घ्या, भाडे पाचशेने जास्त पडले तरी. आई-वडील पासवर किंवा दवाखान्याच्या कार्डावर असतील तर रेल्वेचे हॉस्पिटल किती लांब हेही पाहा. कल्याणला आहे, भायखळ्याला आहे. पोस्टाच्या साथींनी सी.जी.एच.एस.चे केंद्र कुठे आहे ते आधी विचारावे.

शाळेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेकांचे बिऱ्हाड मुलांसाठीच हलते. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिला येणारा मुलगा सहावीत एकदम इंग्रजी माध्यमात घातला की मागच्या बाकावर जातो. मास्तर काय म्हणतात ते त्याला कळत नाही आणि घरी सांगायची लाज वाटते. बापाला वाटते, फी भरतो आहे म्हणजे पोरगे शिकते आहे. आम्ही इंग्रजीच्या विरुद्ध नाही. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले ते इंग्रजीनेच थांबवले. पण माध्यम बदलायचे तर ते पहिली-दुसरीला बदला. त्यापुढच्या मुलासाठी जवळपास चांगली मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळा कुठे आहे हे पाहून त्या शाळेच्या आसपास खोली घ्या. खोली आधी आणि शाळा मागून, हा क्रम उलटा आहे. नववी-दहावीच्या मुलाला तर हलवूच नका. बोर्डाचे वर्ष आजीजवळ किंवा तालुक्याच्या वसतिगृहात काढू द्या. शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, आणि राहत्या जागेपासून किमान पन्नास किलोमीटरवरच्या वसतिगृहासाठी ८,४३७ रुपये ५० पैशांपर्यंत अनुदान आहे. पुष्कळ सभासद ते मागतच नाहीत. बदली झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला जुने क्वार्टर दोन महिने नेहमीच्या भाड्याने ठेवता येते आणि मुलांच्या शिक्षणासाठी पुढची मुदत मागता येते. अर्ज मात्र शाळेच्या दाखल्यासह आणि मुदतीच्या आत करायचा, नाही तर दंडाचे भाडे लागते. ते रद्द करून घेताना आमचे जोडे झिजतात.

महाराष्ट्राबाहेरच्या साथींचा पेच वेगळा. सुरतेला पोस्टिंग झालेला खानदेशचा माणूस उधना, लिंबायतकडे सहज रमतो. तिथे आपली माणसे आहेत, महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत, आणि ताप्ती लाईनने घर एका रात्रीवर आहे. इटारसी, सिकंदराबादला तसे नाही. तिथे मराठी शेजारासाठी लांब राहायचे की स्टेशनजवळच्या परक्या शेजारात, हा प्रश्न येतो. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. मुले वर्षभरात भाषा उचलतात, आणि अडीअडचणीला धावतो तो भिंतीपलीकडचा शेजारी, मग त्याची भाषा कोणतीही असो. केंद्रीय विद्यालयात बदलीवर आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असते, तिकडे अवश्य पाहावे.

हे सारे सभासदाने करायचे, पण प्रशासनाची जबाबदारी त्याच्या गळ्यात घालून आम्ही मोकळे होणार नाही. कामाच्या जागेजवळ राहायला मिळणे ही रेल्वेत चैन नाही, सुरक्षिततेची गरज आहे. सहा तास प्रवास करून आलेला माणूस रात्री ब्लॉकमध्ये रुळावर उभा राहतो, हे अधिकाऱ्यांना दिसत नाही काय? राहण्यास अयोग्य म्हणून कुलूप लागलेली क्वार्टर्स एक तर दुरुस्त करून वाटा, नाही तर पाडून नवी बांधा. वसाहतींच्या जमिनी विकसकाला देताना किती घरांच्या बदल्यात किती घरे, कोणत्या स्टेशनाजवळ आणि केव्हा, हे युनियनला लेखी द्या. आणि आठव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने घरभाड्याच्या टक्केवारीवर बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनीही अंतराचा प्रश्न तितक्याच जोराने मांडावा, अशी आमची विनंती आहे.

वर ज्या सभासदाची हकिगत दिली, त्याने आता क्वार्टरसाठी अर्ज केला आहे. छत गळते, गज गंजले आहेत, पण शाळा पलीकडच्या फाटकाला लागून आहे. क्वार्टर पाहायला या वेळी दोघे आले होते. वहिनींनी नळ उघडून पाहिला, शेजारच्या बाईशी अर्धा तास बोलल्या, आणि मग अर्जावर कुठे सही करायची ते त्याला दाखवले.