हरवण्यासाठीच बांधलेली माशी

गळाला गांडूळ लावून मासे धरायचे एवढं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. इकडे अमेरिकेत आणि युरोपात ट्राउट नावाच्या माशासाठी (काश्मीरला किंवा हिमाचलला जाऊन आलेल्यांनी हा ताटात पाहिला असेल) एक वेगळाच उद्योग चालतो. नखाएवढ्या गळावर पिसं, दोरा, तार गुंडाळून किडा तयार करायचा, आणि ट्राउटला तो खरा वाटला पाहिजे! याला 'फ्लाय' म्हणतात, म्हणजे माशी, आणि ती करण्याला 'बांधणं'. टेबलावर छोटासा व्हाइस, त्यात चिमटलेला गळ, वर दिवा, आणि समोर नाकावर चष्मा ओढून बसलेला पन्नाशीचा गृहस्थ. हिवाळ्यात नद्या गोठल्या की घरोघरी हे दृश्य दिसतं.

यातला एक प्रकार म्हणजे वजनदार निम्फ. मेफ्लायसारख्या किड्यांचं पंख फुटण्याआधीचं रूप म्हणजे निम्फ. हा किडा पाण्याखाली, दगडांच्या आडोशाला महिनोन्महिने राहतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखाद-दोन दिवस जगतो. ट्राउटचं बरंचसं जेवण त्यामुळे पाण्याखालीच होतं. तेव्हा आपला नकली किडाही बुडायला हवा, तोही झटकन. वाहत्या पाण्यात तो तळापर्यंत पोचेपर्यंत मासा मागे राहिला तर उपयोग काय? म्हणून माशी बांधताना पोटात वजन भरायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे वजन म्हणजे शिशाची तार. मऊ, स्वस्त, जड. गळाच्या दांड्यावर दहा वेढे द्यायचे, वरून पिसं चढवायची, की शिसं दिसेनासं होतं.

माझं म्हणणं असं, की हे शिसं आता सोडायला हवं. कायदा सांगतो म्हणून नव्हे (बऱ्याच ठिकाणी सांगतही नाही), तर या वस्तूचं कामच असं आहे म्हणून.

म्हणजे बघा. कुठलीही वस्तू डिझाइन करताना इंजिनियरला एक प्रश्न विचारावा लागतो: ही शेवटी कुठे जाणार? पाण्यावर तरंगणारी माशी बहुधा डबीत परत येते. वजनदार निम्फचं तसं नाही. तिने तळाला घासत जाणं हेच तिचं काम, आणि तळाला दगड असतात, बुडालेली झाडं असतात. ती अडकते, दोरा तुटतो, माशी नदीत राहते. यात मासेमाराचा हलगर्जीपणा नाही. ज्याची एकही निम्फ हरवत नाही तो ती पुरेशी खोल सोडतच नाही, असं इथले जाणते लोक म्हणतात. थोडक्यात काय, ही हरवण्यासाठीच बांधलेली वस्तू आहे. मग तिच्या पोटात जे भरतो ते नदीत टाकण्यासाठीच भरतो, असं धरून चालायला हवं.

आता कुणी म्हणेल, अहो, एका माशीत ग्रॅमचा दहावा भागसुद्धा शिसं नसतं, कशाला एवढा बाऊ? मुद्दा अगदीच खोटा नाही. घट्ट शिसं पाण्यात भराभर विरघळत नाही. तळाशी पडलेल्या माशीने नदी विषारी होते असं मी म्हणणार नाही. धोका आहे तो पक्ष्यांना. हंस-बदकं अन्न दळायला बारीक खडे गिळतात. त्यांत शिशाची गोळी गेली तर पोटातल्या त्या जात्यात ती झिजते, आम्लात विरघळते आणि रक्तात उतरते. इंग्लंडमध्ये थेम्सवरचे हंस असेच मरू लागले, म्हणून 1987 साली गळाला लावायच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली, आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. पिसांत गुंडाळलेली तार हंस खडा म्हणून उचलेल ही शक्यता सुट्या गोळीपेक्षा कमी, हेही कबूल. पण तुटलेली माशी जबड्यात घेऊन पोहणारा मासा लून पक्ष्याने गिळला तर? तिथे पिसांचं आवरण काय कामाचं? अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर माशीत गुंडाळायची शिशाची तारही चालत नाही.

शिवाय शिशावाचून अडतंय कुठे? जगातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध निम्फ शिशाविनाच बांधलेली आहे! इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात एव्हन नदीचा फ्रँक सॉयर नावाचा राखणदार होता. त्याची 'फेझंट टेल' निम्फ दोनच वस्तूंची: फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू आणि तांब्याची केसासारखी तार. दोरा नाहीच. आधी तारेचे वेढे देऊन पुढे छातीचा फुगवटा करायचा. मग तंतूंची टोकं शेपटीसारखी मागे सोडून, तंतू आणि तार एकत्र पिळून अंग गुंडाळत पुढे यायचं. छातीवर तंतू पुढे-मागे दुमडले की पंखांची पेटी तयार. शेवटची गाठही तारेचीच. तार हाच दोरा, तार हेच वजन, आणि मधूनमधून चमकणारी तार हाच रंग. पाय लावलेच नाहीत, कारण पोहणारी निम्फ पाय अंगाशी घट्ट धरते हे त्याने नदीकाठी बसून पाहिलं होतं. एका भागाकडून तीन कामं करून घेणं म्हणजे काय, हे कॉलेजात शिकवायचं असेल तर ही माशी दाखवावी. 1958 साली त्याचं 'निम्फ्स अँड द ट्राउट' हे पुस्तक आलं. त्याचाच शेजारी ऑलिव्हर काइट आणखी पुढे गेला. नुसत्या गळावर तांब्याचे वेढे, पीस एकही नाही, आणि त्यावर त्याने मासे धरून दाखवले. माशाला पोशाख नाही, बुडण्याची आणि उठण्याची चाल फसवते.

आता हिशोब. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.96. दोन्हींतून पाण्याचा 1 वजा केला की बुडवणारं वजन किती ते कळतं. त्याच जाडीच्या शिशाच्या दहा वेढ्यांच्या जागी तांब्याचे तेरा वेढे. तीन वेढे जास्त, बस्स! आणि पाणी खोल-वेगवान असेल तर टंगस्टनचा मणी आहेच. शुद्ध टंगस्टनची घनता 19.3, म्हणजे शिशापेक्षा कितीतरी जड. टंगस्टन महाग आहे आणि तोही खाणीतूनच येतो, आकाशातून पडत नाही. पण इथे शिसं वापरून माशी सरसही होत नाही, नुसती स्वस्त होते.

आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात हेच नाटक झालं. सोल्डरमधलं शिसं काढा असं युरोपने सांगितलं, 1 जुलै 2006 पासून नियम लागू झाला, आणि सांधे तडकणार, धंदा बुडणार अशी ओरड झाली. काही अपवाद ठेवावे लागले, पण जग कथील-चांदी-तांब्याच्या सोल्डरवर गेलं. भारतातही 2000 साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, गाड्या थांबल्या नाहीत.

कोकणात खाडीवर पाग टाकताना पाहिलं असेल तर म्हणाल, पागाच्या कडेलाही शिशाच्या गोळ्या असतात की! असतात. पण पाग टाकणाऱ्याच्या हातात परत येतो, आणि त्यावर त्याची चूल पेटते. त्याला उपदेश करायला मी जाणार नाही. इथला निम्फवाला मात्र शेकडो डॉलरची काठी घेऊन हौसेसाठी पाण्यात उतरतो आणि बहुतेक वेळा धरलेला मासा सोडूनही देतो. मासा सोडायचा आणि शिसंही तिथेच सोडून यायचं, याला काय अर्थ आहे? पहिला खर्च ज्याला परवडतो त्याने करावा, हा साधा न्याय आहे.

तेव्हा कुणी नातेवाईक इकडे हा छंद करत असेल तर त्याला एवढं सांगा: डबीतलं शिशाचं रीळ घातक कचऱ्याच्या केंद्रावर देऊन टाक, कचऱ्याच्या डब्यात नको. आणि जुन्या मोटारीच्या गुंडाळीतून तांब्याची तार काढून घे. फुकट मिळते.