नापाकीचा बहाणा

‘कुत्रं नापाक आहे’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात फार स्वस्त झालं आहे. पावसाळा सरला की रत्नागिरीत गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. त्यातलं एखादं खाणं सोडतं, जिन्याखाली अंग आखडून पडतं, आणि आपण हेच वाक्य म्हणत पाय चुकवून वर जातो.

मागे असंच एक पिल्लू मी दवाखान्यात नेलं, तर एका बुजुर्गांनी विचारलं, “आता नमाज कशी पढणार?” अहो, हात धुऊन, वुजू करून! आपण कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. आपल्याकडे नियम कडकच आहे. लाळ किंवा ओलं अंग लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. मला तो मान्य आहे. पण कोरडा हात कोरड्या अंगाला लागला तर शाफईंतही तो नापाक होत नाही. मालिकी मजहबात तर जिवंत कुत्रं पाकच मानतात. हा सगळा मसला धुण्याचा आहे. मरू देण्याचा हुकूम यात कुणाला कुठे सापडला?

बुखारीतली हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तहानेल्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, चामडी मोज्यात पाणी भरलं, मोजा दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजलं. अल्लाहनं त्याला माफ केलं. मोजा नापाक झाला का, यावर तिथे चर्चा नाही. मांजर उपाशी कोंडून मारणाऱ्या बाईचं काय झालं, तेही बुखारीतच आहे. कुत्रं घरात पाळायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. तो पुढे करून दाराबाहेरच्या उपाशी जिवाकडे पाठ फिरवता येत नाही.

आता दुसरा गट, दयाळू लोकांचा. यांच्यावरही माझा राग आहे. न खाणाऱ्या पिल्लाचा जबडा उघडून हे गाईचं दूध ओततात. त्या दुधानं जुलाब वाढतात, आणि घोट चुकला तर ते फुप्फुसात जातं. भूक जाणं हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. पोटात जंत असतील, गोचिडांमुळे ताप असेल, किंवा पार्वो असेल. १९७८ साली जगभर पसरलेला हा विषाणू. उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू कोरडं पडून मरतं. माणसाला तो लागत नाही. अशा वेळी आधी ऊब द्या: गोणपाट, कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. मग लगेच जनावरांचा डॉक्टर गाठा. सलाईनची गरज आहे का ते तो ठरवेल. उलट्या थांबल्या की त्याला विचारून उकडलेली कोंबडी आणि मऊ भात थोडा थोडा द्या. मीठ, मसाला, कांदा, लसूण नको.

पिल्लू चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची सुई घ्या. धुण्याचा इतका आग्रह धरणारे आपण, नेमकं इथे हळद लावून बसतो.

पार्वोची लस सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून देता येते. मशिदीच्या झुंबरासाठी आपल्याकडे वर्गणी निघते. जकातीला हात लावा असं मी म्हणत नाही. पण नफली सदक्यातून मोहल्ल्यातल्या पिल्लांना लस टोचायला कमिटीची नेमकी हरकत काय आहे, ते तिनं जुम्याच्या नमाजीनंतर सर्वांसमोर सांगावं.