विश्लेषण : शिळावर्तुळांतले लोखंड वाचायचे, तर आधी गंज का जपायला हवा?

वर्ध्याजवळच्या भूगावात आज झोतभट्टीत लोखंड वितळते. त्याच जिल्ह्यात खैरवाडा येथे महापाषाणकालीन शिळावर्तुळे आहेत. विदर्भातील अशा वर्तुळांखालून अडीच हजार वर्षांहून जुन्या कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे लगाम निघाले. ते कसे घडवले, हे आता अणूंच्या पातळीवर पाहता येते. प्रश्न यंत्रांचा उरलेला नाही. वस्तू साफ करण्याच्या घाईत आतला पुरावा पुसला जाण्याचा आहे.

हे लोखंड एवढे महत्त्वाचे का?

प्रा. शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९), माहूरझरी (१९७०-७२) आणि नायकुंड (१९७८-८०) येथे उत्खनने केली. तिन्ही ठिकाणे नागपूर जिल्ह्यातली. खैरवाड्याचे उत्खनन त्यानंतरचे. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. म्हणजे येथे फक्त बाहेरून आलेली हत्यारे वापरली जात नव्हती, धातू येथेच तयार होत होता.

ती भट्टी भूगावसारखी नव्हती. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात. कोळशाच्या त्या छोट्या भट्टीत एवढी उष्णता नसे. खनिजातून स्पंजासारखा गोळा तयार होई आणि तो ठोकून ठोकून त्यातली धातुमळी बाहेर काढावी लागे. थोडी मळी आतच राही. घणाच्या घावांनी तिच्या लांबट रेघा बनत. त्या रेघा म्हणजे लोहाराने धातू कोणत्या दिशेने ओढला, किती वेळा दुमडला याची नोंदच.

सूक्ष्मरचना म्हणजे काय?

धातूचा तुकडा आरशासारखा घासून, अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळून त्यावर लावले की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण दिसतात. कार्बन जवळपास नसलेले मऊ लोखंड म्हणजे फेराइट. ते स्वच्छ, फिकट कणांचे दिसते. कार्बन असेल तर पर्लाइटचे पट्टे दिसतात : एक थर लोखंडाचा, एक लोह-कार्बाइडचा. गावातला लोहार आजही विळ्याला ‘पाणी देतो’. लालबुंद पोलाद पाण्यात बुडाले की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि मार्टेन्साइट नावाची कठीण, सुयांसारखी रचना बनते. प्राचीन छिन्नीच्या टोकाला ती सापडली, तर त्या लोहारालाही पाणी देणे ठाऊक होते असे म्हणता येते. माहूरझरीच्या एका पोलादी छिन्नीचा असा धातुचित्रण अभ्यास २०१० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. नायकुंड आणि माहूरझरीच्या लोखंडी वस्तूंचे परीक्षण जँग-सिक पार्क आणि वसंत शिंदे यांनीही केले आहे.

मग नॅनो पातळी कशासाठी?

साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. पाणी दिलेले पोलाद पुन्हा तापवले की त्यात कार्बाइडचे त्याहून बारीक कण तयार होतात. हे पुन्हा तापवणे मुद्दाम होते, की दहनाच्या किंवा नंतरच्या एखाद्या आगीत वस्तू भाजली गेली, हे ठरवायला त्या कणांचा आकार आणि मांडणी पाहावी लागते. येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. आयनांच्या झोताने काही मायक्रॉन लांबीची आणि १०० नॅनोमीटरहून पातळ चकती कोरून काढता येते. अ‍ॅटम प्रोब तर सुईच्या टोकावरून एकेक अणू सोडवून त्याची ओळख आणि जागा नोंदवतो.

येथे एक सावधगिरी हवी. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी एका दमास्कस तलवारीत कार्बन नॅनोनलिका असल्याचे ‘नेचर’मध्ये मांडले आणि लगेच ‘पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान येत होते’ अशी भाषा सुरू झाली. लोहाराला आगीचा रंग, घणाचा आवाज आणि पाण्याची वेळ कळत होती. तेवढे कौतुक पुरेसे आहे, आणि ते खरे आहे.

गंज का काढू नये?

उत्खननातले लोखंड मातीतले क्लोराइड क्षार सोबत घेऊन येते. हवा आणि पावसाळी दमटपणा मिळाला की ते पापुद्रे धरून फुटते. त्यामुळे संग्रहालयांना ते लवकर साफ करावेसे वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण गंजाच्या थरात कधी कधी मूळ कार्बाइडचे पट्टे जसेच्या तसे अडकून राहतात. धातू पूर्ण गेला तरी त्याची सावली उरते. ब्रशने आणि आम्लाने वस्तू चकचकीत केली की ती जाते. उष्णतेचे उपचार आणखी घातक. एके काळी परदेशी संग्रहालयांत हायड्रोजन वायूत वस्तू तापवून क्षार काढत. लोहाराने दिलेले पाणी अशा तापवण्यात कायमचे पुसले जाऊ शकते. एकदा पुसलेली रचना कोणतेही यंत्र परत दाखवू शकत नाही.

नमुना कापू देण्यास अधिकारी नाखूश असतात, तेही चूक नाही. वस्तू एकच असते. पण जुन्या पद्धतीत कुऱ्हाडीचा कोपरा द्यावा लागे. आता तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, तोही आधीच तुटलेल्या भागातून, बहुतेक प्रश्नांना पुरतो. तेव्हा सरसकट नकारापेक्षा क्रम ठरवणे अधिक शहाणपणाचे : आधी एक्स-रे आणि छायाचित्रे, मग एक छोटा नमुना, त्यानंतरच सफाई. उरलेला नमुना राळेत बसवून वस्तूच्या नोंदक्रमांकासह जपला, तर पुढच्या संशोधकाला पुन्हा करवत लावावी लागणार नाही.

वर्ध्यातून हे शक्य आहे का?

पहिला, साध्या सूक्ष्मदर्शकाचा टप्पा जवळच होऊ शकतो. नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. कणांची दिशा मोजण्याची राष्ट्रीय सुविधा मुंबई आयआयटीत, तर अ‍ॅटम प्रोबची मद्रास आयआयटीत आहे. सरकारी खर्चातून घेतलेली उपकरणे बाहेरच्या संशोधकांना वापरता यावीत म्हणून ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ २०२० पासून सुरू आहे. अर्थात प्रत्येक कुऱ्हाड मद्रासला पाठवायची गरज नाही. दहा नमुने साध्या भिंगाखाली पाहून त्यातला एखादा पुढे जावा. नायकुंडच्या भट्टीतून निघालेले लोखंड खैरवाड्यापर्यंत पोहोचले का, की येथे वेगळी भट्टी होती, याचे उत्तर कदाचित धातूत अडकलेल्या मळीच्या रेघांमधूनच मिळेल. ते शोधण्यासाठी दोन्ही ठिकाणचे नमुने एकाच पद्धतीने तपासलेले हवेत, आणि तोवर डब्यातल्या वस्तू कोरड्या राहायला हव्यात.