सूड खुर्चीचा, शिक्षा नगराला

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असे आपली म्हण सांगते. नगरांच्या कारभारात ती उलटी वाचावी लागते. तेथे भांडतात दोघे आणि भरडला जातो तिसरा. हा तिसरा म्हणजे कर भरणारा नागरिक. स्थानिक अधिकाऱ्यांचे व पुढाऱ्यांचे हेवेदावे ही चार घटका करमणुकीची बाब आहे, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस ती नागरिकाच्या हक्काची चोरी वाटते. आणि अड्यारच्या काठी राहणाऱ्यास दुसरे काही वाटणे कठीण आहे.

चेन्नईची महापालिका १६८८ साली स्थापन झालेली, देशातील सर्वांत जुनी. या वयोवृद्ध संस्थेची सभा १९७३ साली राज्य सरकारने बरखास्त केली. मजुरांच्या हजेरीपटात खोटी नावे घातल्याचे प्रकरण तेव्हा गाजले होते. लबाडी करणारास शासन अवश्य व्हावे. पण येथे शासन झाले ते मतदारास. पुढची निवडणूक उजाडली ती १९९६ साली. तेवीस वर्षे या महानगराला स्वतःची सभा नव्हती!

१९९६ मध्ये श्री. एम. के. स्टालिन थेट जनतेच्या मताने महापौर झाले व २००१ मध्ये पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी राज्यात सत्तांतर झाले आणि उट्टे काढण्यास प्रारंभ झाला. ३० जून २००१ च्या मध्यरात्रीनंतर माजी मुख्यमंत्री करुणानिधी यांना उड्डाणपुलांच्या प्रकरणात घरातून उचलून नेण्यात आले. फिर्यादी होते खुद्द महापालिकेचे आयुक्त. खटल्यात पुढे कोणासही शिक्षा झाली नाही. २००२ मध्ये, एका व्यक्तीने दोन निर्वाचित पदे भूषवू नयेत, असा कायदा आला. स्टालिन आमदारही होते. बाण कोणावर रोखला होता हे सांगावयास ज्योतिषी नको.

कोणी म्हणेल, तत्त्व तर योग्यच होते. आम्हीही तसेच म्हणतो. परंतु तत्त्वाची खरी आवड असणारा कायदा पुढच्या निवडणुकीपासून लागू करतो. सूडाची आवड असणारा तो चालू मुदतीतच लागू करतो. औषध तेच असते, पण ते कोणत्या वेळी पाजले यावरून वैद्य की वैरी हे कळते.

आणि दुसरा पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. महापौर १९९६, २००१ व २०११ मध्ये जनतेने निवडला. २००६ व २०२२ मध्ये नगरसेवकांनी. राज्यकर्त्यांच्या सोयीप्रमाणे निवडीची रीतच बदलत राहिली.

डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीला महापूर आला. महालेखापरीक्षकांनी पुढे ती आपत्ती मानवनिर्मित ठरविली. गटारे एका खात्याची, मलवाहिन्या दुसऱ्याची, नदी तिसऱ्याची. प्रत्येकाचे बोट शेजाऱ्याकडे. ऑक्टोबर २०१६ मध्ये महापालिकेची निवडणूक उच्च न्यायालयाने अधिसूचनेतील दोषांमुळे रद्द केली, आणि नवी सभा भरली ती २०२२ साली. पुराचा जाब ज्या सभागृहात विचारावयाचा, त्यालाच पाच वर्षांहून अधिक काळ कुलूप!

महाराष्ट्राने याला हसू नये. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वासाचा ठराव केला, सरकारने तो अडविला, आणि काही महिन्यांत आयुक्तांचीच बदली केली. मग ठराव चूक होता की बदली? उत्तर नागरिकास कोणी दिले नाही. आणि मुंबईच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथेही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता.

१९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सांगितले आहे की, मुदत संपण्यापूर्वी, आणि सभा बरखास्त झाल्यास सहा महिन्यांच्या आत, निवडणूक झालीच पाहिजे. आमच्या मागण्या याहून फारशा मोठ्या नाहीत. घटनेची ती मुदत पाळावी. निवडीची रीत वा पात्रता बदलणारा कायदा पुढच्या सभेपासूनच लागू व्हावा. आणि अधिकाऱ्यास मुदतीपूर्वी हलविताना कारण लेखी द्यावे, व ते नागरिकास वाचता यावे.

ज्याला वैर करावयाचे असेल त्याने ते आपल्या घरच्या ओसरीवर करावे. महापालिकेची इमारत कोणाच्या भाऊबंदकीसाठी बांधलेली नाही. ती आमच्या पैशाने उभी आहे.